बी.एस्सी. नर्सिंगची सीट मुंबईतच हवी: काय काय करावं लागेल?

विक्रोळीची_सुजाता (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी सायन्सला गेली. विषय पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). तिला बी.एस्सी. नर्सिंगच करायचंय. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून नर्सिंग असा प्रकार नाही, पहिली पसंतीच ती. घरी कोणी या क्षेत्रातलं नाही. हे बेस्टमध्ये कंडक्टर, मी शिवणकाम करते. कॉलेज मुंबईतच हवं, बाहेरगावी हॉस्टेलचा खर्च झेपणार नाही. क्लासवाल्यांकडे चौकशी केली तर ते नीटच्या बॅचची फी सांगतात. सीईटी वेगळी असते ना? कुठून सुरुवात करू? आम्ही ओबीसी, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात.

शंकेखोर:
नर्सिंगला कसली आलीय एवढी चुरस? आमच्या कॉलनीच्या नाक्यावर बोर्ड लागलाय, 'नर्सिंग कोर्स, 100% नोकरी'. दहावीवर घेतात.

थर्ड_इयरवाली:
@शंकेखोर, ते सहा महिन्यांचे 'पेशंट केअर' वगैरे कोर्स असतात. त्यातून रजिस्टर्ड नर्स होता येत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते ती एएनएम, जीएनएम (हे नर्सिंगचे पदवीखालचे मान्यताप्राप्त कोर्स) किंवा बी.एस्सी. केल्यावर. बोर्डावर 'नर्सिंग' लिहायला कोणी अडवत नाही, पोरी मात्र फसतात.

सुजाताताई, सीईटी वेगळीच. राज्य सीईटी कक्ष घेतो. 100 प्रश्न, 100 मार्क, 90 मिनिटं, संगणकावर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी 20. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चार विषय बारावीचेच आहेत. ॲप्टिट्यूडचीच सगळ्यांना भीती वाटते, पण त्यात पाठांतर फारसं नसतं. पेशंट औषध घ्यायला तयार नाही, नातेवाईक ओरडताहेत, तर आधी काय कराल, अशा धाटणीचे प्रश्न असतात. बरीच मुलं 'डॉक्टरांना बोलावीन' वर टिक करून मोकळी होतात. बऱ्याचदा आधी पेशंटचं म्हणणं ऐकून घेणं हेच बरोबर उत्तर असतं.

नीटची बॅच लावू नका. नीट लागते ती मिलिटरी नर्सिंगला. त्यावर वेगळं लिहीन.

दाखलेवाला:
सुजाताताई, अभ्यास मुलगी करेल. तुम्ही आजपासून कागदाला लागा. मी आयुष्यभर तहसील कार्यालयात दाखल्यांच्या टेबलावर बसलो, म्हणून सांगतो. सीट मार्कांनी मिळते आणि कागदाने जाते.

ओबीसीतून फॉर्म भरणार असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, तिन्ही लागतील. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, ते प्रवेशाच्या वर्षाचं हवं. सेतूतून किंवा 'आपले सरकार'वरून निघतं. तो सोपा भाग.

खरी कसोटी वैधतेची. दाखला संगमेश्वरचा असेल तर पडताळणी रत्नागिरीच्या समितीकडे होईल. मुंबईत राहता म्हणून वांद्र्याच्या ऑफिसात जाऊन रांग लावू नका, परत पाठवतील. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. (अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961. बाकीच्यांच्या कामी येईल म्हणून लिहिलं.) मुलीच्या वडिलांचा जन्मच त्यानंतरचा असेल, म्हणजे आजोबा-पणजोबांवर जावं लागणार. आजोबा ज्या जीवन शिक्षण मंदिरात शिकले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. त्यात जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतः डोळ्यांनी बघा. पुष्कळदा नुसतं 'हिंदू मराठा' किंवा 'हिंदू' असतं आणि सख्ख्या चुलत आजोबांच्या नोंदीत 'कुणबी' असतं. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून ते नातं सिद्ध करावं लागतं. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर तिची प्रत सोन्यासारखी जपा, अर्धं काम होतं.

बारावी सायन्सच्या मुलांचा अर्ज कॉलेजमार्फत जातो. कॉलेजच्या क्लार्कला आजच गाठा.

विक्रोळीची_सुजाता (धागाकर्ती):
दादा, सासऱ्यांच्या वेळची नोंद मोडीत आहे असं दीर म्हणतात. गावच्या शाळेत रजिस्टर आहे, पण मास्तरांनाही वाचता येत नाही.

दाखलेवाला:
असतंच तसं. उतारा साक्षांकित करून घ्या आणि मोडीच्या जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या, सही-शिक्क्यासकट. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, तिथे मोडीची माणसं कळतील. गणपतीला गावी जाणारच असाल. पण शाळेला सुट्टी असते, रजिस्टर कपाटात आणि किल्ली हेडमास्तरांच्या घरी. आधी फोन करून जा.

काही वर्षी सरकार वैधतेला मुदतवाढ देतं, नुसत्या अर्जाच्या पावतीवर प्रवेश होतो. त्या भरवशावर बसलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत.

वाशीची_वैदेही:
वाचनखूण साठवली. एवढी माहिती क्लासवाल्यांकडेही नसते.

माझं मत जरा वेगळं. ओबीसीच्या कागदांची एवढी यातायात करण्यापेक्षा खासगी कॉलेजात संस्था पातळीवरची, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातली सीट घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या भाचीने घेतली. चकाचक बिल्डिंग, एसी लॅब, बस घरापर्यंत.

थर्ड_इयरवाली:
वैदेहीताई, कंडक्टरच्या घरात ती फी कुठून यायची? शिवाय मुलीला कॅपमधून (सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) सीट मिळाली आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. खासगी कॉलेजातही. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ते गेलं. कागदांच्या यातायातीची किंमत ही आहे. महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर) अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

आणि कॉलेजने तोंडी फी सांगितली की शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर त्यांची मंजूर फी बघायची. युनिफॉर्म, बस, 'डेव्हलपमेंट' या नावांखाली वर काय मागतात ते वेगळं विचारून घ्यायचं, लेखी.

रात्रपाळी:
उशिरा लिहितेय, ड्युटी होती. मी महापालिकेच्या रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. विद्यार्थिनी आमच्याच वॉर्डात येतात, सरकारी कॉलेजच्याही आणि खासगीच्याही. त्यामुळे एसी लॅबवर थोडं बोलते.

मुलगी लॅबमध्ये पुतळ्याला शंभर वेळा इंजेक्शन देईल. पुतळा हात मागे ओढत नाही. खरी शीर सापडते ती डिहायड्रेशन झालेल्या म्हातारीच्या हातात, तीही तिसऱ्या प्रयत्नात, सून बाजूला उभी राहून रागाने बघत असताना. तेव्हा कॉलेज बघायला जाल तर बिल्डिंग पाहू नका, त्याच्यामागचं हॉस्पिटल पाहा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात स्वतःचं किमान 100 खाटांचं हॉस्पिटल आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं प्रमाण आहे. कागदावर सगळ्यांचं भरतं. तुम्ही दुपारी चारच्या भेटीच्या वेळेत त्या हॉस्पिटलात जा आणि मेल मेडिकल, फीमेल सर्जिकल, लेबर रूमच्या बाहेर उभ्या राहा. किती खाटांवर माणूस आहे ते दिसतंच. एका खासगी कॉलेजच्या मुली आमच्याकडे पोस्टिंगला आल्या होत्या, दुसऱ्या वर्षाच्या. त्यांच्या हॉस्पिटलात पेशंट असे नव्हतेच. कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला रुग्ण त्यांनी पहिल्यांदा आमच्या वॉर्डात पाहिला. मुली हुशार होत्या हो, एकीने तर ड्रिपचा हिशेब मला तोंडी करून दाखवला. 500 मिली सलाईन 8 तासांत द्यायचंय, सेट 20 थेंबांचा (1 मिलीला 20 थेंब), तर मिनिटाला साधारण 21 थेंब. अगदी बरोबर. पण घड्याळ हातात धरून रोलर फिरवत 21 थेंब बसवता येईनात. त्यात तिची काय चूक?

म्हणून भायखळ्याच्या जे.जे.सारखं सरकारी ठिकाण मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. बिल्डिंग जुनी आहे, पंखे आवाज करतात, आणि वॉर्डात काय दिसत नाही ते विचारा. भायखळा तुम्हाला विक्रोळीहून एका लोकलमध्ये आहे.

शंकेखोर:
ताई, खरं सांगतो, शिकून-सवरून शेवटी बेडपॅनच उचलायचं ना? माझी मुलगी असती तर मी पाठवलं नसतं. रात्रपाळ्या वेगळ्याच. लग्नाला अडचण येते.

रात्रपाळी:
बेडपॅन उचलते तेव्हाच कळतं लघवी किती झाली, रंग काय, रक्त आहे का. डॉक्टर राऊंडला येऊन विचारतो ते इनटेक-आउटपुट तिथूनच येतं. रात्री दोनला किडनी बसतेय हे सगळ्यात आधी कळतं ते त्या बेडपॅनवाल्या बाईला.

रात्रपाळीचं म्हणाल तर, आमच्या पिढीत नाईट म्हटलं की घरच्यांना अरुणा शानबाग आठवायची. 1973 मध्ये केईएममधल्या या नर्सवर तिथल्याच कर्मचाऱ्याने अत्याचार केला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. भीती खोटी नाही. पण तिच्यावर बेतलं तिथेच तिच्या सहकारी परिचारिकांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी 2015 मध्ये ती जाईपर्यंत तिला सांभाळलं, 42 वर्षं, अंगावर बेडसोर न होऊ देता. ज्यांनी तिला पाहिलंही नव्हतं अशा मुलींनी. सुजाताताई, सुरक्षेचं कॉलेजात नक्की विचारा. नाईट पोस्टिंग कितव्या वर्षापासून, मुली जोडीने असतात का, हॉस्टेल आवारात की बाहेर, रात्री वॉर्डातून हॉस्टेलपर्यंत कोण सोडतं. 'काळजी करू नका' असं उत्तर आलं तर काळजी करा.

लग्नाचं मला माहीत नाही. माझं झालंय.

ब्रदर_डोंबिवली:
शेवटच्या ओळीला टाळ्या.

सगळ्यांनी 'मुलगी मुलगी' लावलंय म्हणून मुलांसाठी लिहितो. मुलग्यांनाही सीईटीतून बी.एस्सी. नर्सिंग करता येतं, मी केलं. एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज (1964 पासूनचं) मुलींसाठीच. मिलिटरी नर्सिंगही अविवाहित मुलींसाठीच. एएनएमही तसंच. बाकी दारं उघडी आहेत. नोकरीत मात्र गणित वेगळं. एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेत नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा स्त्रियांच्या, 20 टक्के पुरुषांच्या. म्हणजे मुलाने जास्तच घासायला हवं. आयसीयू, ट्रॉमा, डायलिसिस इथे ब्रदरला मागणी असते. घरी मात्र अजून 'कंपाउंडर झालास का?' असं विचारतात.

कुर्ल्याची_पूर्वा:
धाग्यात मध्येच घुसते, सॉरी. मी बारावी आर्ट्स. बी.एस्सी. नर्सिंग होणार नाही ना?

थर्ड_इयरवाली:
बी.एस्सी.ला पीसीबी आणि इंग्लिश हवंच, खुल्या गटाला पीसीबीत 45 टक्के, मागासवर्गीयांना 40. तुझ्यासाठी जीएनएम आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा, आर्ट्सलाही चालतो. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं.

रात्रपाळी:
पूर्वा, जीएनएमला कमी लेखू नकोस. मी जीएनएमच आहे. केईएम, नायर, सायनच्या शाळांमधून वर्षानुवर्षं जीएनएमच्या मुली बाहेर पडल्या, त्यांच्यावर ही रुग्णालयं उभी आहेत. फरक नंतर जाणवतो. नॉरसेटला बी.एस्सी. लगेच बसते, जीएनएमला 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. शिकवायच्या लाइनीत जायचं तर पदवी लागतेच. एक इशारा. तुमच्या वयाच्या मुलींना एजंट गाठतात, 'दुसऱ्या राज्यात डायरेक्ट ॲडमिशन, हजेरीची चिंता नको.' हजेरी नको म्हणजे वॉर्ड नको. मूळ दाखले तर कोणाच्याही हातात देऊ नकोस, झेरॉक्स दे.

वाशीची_वैदेही:
रात्रपाळीताई, तुमची पोस्ट वाचून भाचीला फोन केला. तिच्या हॉस्पिटलात किती पेशंट असतात विचारलं. म्हणाली, 'मावशी, शांत असतं एकदम, छान वाटतं.' आता माझी झोप उडालीय. सोडून तर येता येणार नाही. काय करावं तिने?

रात्रपाळी:
सोडायची गरज नाही. बाहेरच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात पोस्टिंग कधी आणि किती आठवड्यांचं आहे ते विचारायला सांगा. बहुतेक कॉलेजं पाठवतात. मुली तिथे भिंतीला टेकून मोबाइल बघतात आणि लॉगबुकवर सही घेऊन जातात. तिने पहिल्या दिवशी इन्चार्जपाशी जाऊन 'सिस्टर, मला ड्रेसिंगला उभं करा' म्हणावं. मागणाऱ्या मुलीला आम्ही कधी नाही म्हणत नाही, हात कमीच असतात. सकाळी हँडओव्हरला वेळेआधी पोचावं. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला पेशंट कसा सांगते ते कान देऊन ऐकलं की निम्मं नर्सिंग कळतं.

थर्ड_इयरवाली:
मिलिटरी नर्सिंगचं लिहीन म्हटलं होतं. कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात कॉलेज आहे, जागा 40. देशात अशी सहा कॉलेजं, पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज) त्यातलंच. नीटच्या गुणांवर शॉर्टलिस्ट, मग सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं, बदल्यात सेवेचा बाँड. पास झाल्यावर थेट लेफ्टनंट. उत्तम आहे, पण सगळी अंडी त्या एकाच टोपलीत नकोत. सीईटीचा फॉर्म भरायचाच.

विक्रोळीची_सुजाता (धागाकर्ती):
धागा वर काढतेय. बरेच महिने लिहिलं नाही, पण लेकीने प्रिंट काढून तो कपाटाच्या दाराला लावला होता.

सीईटी झाली, निकाल बरा आहे. टॉपर नाही, पण आशेला जागा आहे. वैधता मिळाली. दाखलेवाला दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. सासऱ्यांच्या नोंदीत जात नव्हती, त्यांच्या मोठ्या भावाच्या नोंदीत निघाली. रजिस्टरचं पान इतकं जुनं की मास्तर उलटू देत नव्हते, स्वतः दोन बोटांनी धरून उलटत होते. लिप्यंतर करून आणलं तेव्हा ह्यांनी आपल्या पणजोबांचं नाव पहिल्यांदा वाचलं.

आता पसंतीक्रम भरायचाय. लेकीने यादी केली आहे. एक जे.जे. दोन, ठाण्याच्या पुढचं खासगी, कारण तिथे मैत्रीण जाणार. तीन, नवी मुंबईतलं मोठ्या हॉस्पिटलचं. चार, पनवेलच्या पुढचं, बिल्डिंग फोटोत भारी दिसते. पाच, बाहेरगावचं सरकारी, पण तिथे हॉस्टेल आलं. मिळेल तेच वर टाकायचं का? क्लासवाले म्हणतात जे.जे. मिळणार नाही, पहिली पसंती वाया जाईल.

दाखलेवाला:
अभिनंदन. पसंती वाया जात नाही. संगणक वरून खाली येतो, जिथे गुणवत्तेत आणि प्रवर्गात बसते तिथे थांबतो. वरचं मिळालं नाही म्हणून खालचं कमी होत नाही. जे हवंय तेच वर. फेरीनंतर सीट नाकारली तर पुढे काय होतं, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दन् शब्द वाचा, नियम बदलत असतात. मूळ कागद, दोन संच झेरॉक्स, फोटो, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, सगळं एका फायलीत. फेऱ्या गणपतीपर्यंत, कधी दिवाळीपर्यंतही लांबतात, फाइल माळ्यावर टाकू नका.

ब्रदर_डोंबिवली:
मैत्रिणीसाठी कॉलेज? चार वर्षांत मैत्रिणी बदलतात, क्लिनिकल पोस्टिंग तेच राहतं.

विक्रोळीची_सुजाता (धागाकर्ती):
तिला वाचून दाखवलं, गाल फुगलेत. रात्रपाळीताई, तुम्ही काय म्हणता? नवी मुंबईचं हॉस्पिटल आम्ही चारच्या वेळेला जाऊन बघितलं. लेबर रूमबाहेर बसायला जागा नव्हती. ठाण्याच्या पुढच्यात पण गेलो, तिथे वॉचमनने आत सोडलं नाही, 'ऑफिसमधून परवानगी आणा' म्हणाला. लॉबीत मात्र कारंजं आहे.

रात्रपाळी:
जे.जे. एकवर राहू दे. नवी मुंबईचं दोनवर घ्या. बाहेरगावचं सरकारी तीनवर आणा. हॉस्टेलचा खर्च आधी लिहून काढा, सरकारीची फी आणि माफी धरून बघा, कदाचित रोजच्या लोकल-रिक्षापेक्षा फार वर जाणार नाही. कारंजंवालं चारला, पनवेलच्या पुढचं पाचला. पण पनवेलचं हॉस्पिटल फोटोत नाही, प्रत्यक्ष बघून या आणि मग ठरवा ठेवायचं की काढायचं. यादी मुदतीच्या आदल्या दिवशीच लॉक करा, शेवटच्या दिवशी साइट चालत नाही.

आणि लेकीला सांगा, गाल फुगवून झाले की पांढरे कॅनव्हासचे नाही, लेदरचे बूट घे. आठ तास उभं राहायचंय. दादरला मिळतील.